घर झायलं, होरी रायली

वैशाखाच्या दुपारी बांधावर दोन माणसं समोरासमोर आली की आधी रामराम होत नसे. आधी प्रश्न व्हायचा, "शाकारलं काय?" उत्तरही बहुधा ठरलेलं, "घर झायलं, होरी रायली." मग दोघंही वर बघत. आकाशात काही नसे, नुसतं पांढरं ऊन. तरी बघत.

पेणच्या खारेपाटात वाढलेल्यांना 'होरी' म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या तोंडात ड टिकत नाही. गाडीची गारी होते, घोड्याचा घोरा होतो, होडीची होरी होते. शाळेत गुरुजी वहीतली होरी खोडून होडी करत आणि घरी आजा म्हणे, "तुजे गुरुजीला सांग, होडी त्येचे घरची. आपली होरी हाय." म्हणून इथंही दोन्ही येतील, लिहिताना होडी, आठवताना होरी.

आणि शाकारणं. बाकीच्या मुलखात घर शाकारतात. आमच्याकडे, धरमतरच्या खाडीच्या अंगाला, तीन गोष्टी शाकारायच्या असत: घर, मीठ आणि होडी. घर म्हणजे कौलं उतरवायची, फुटकी निवडून काढायची, सडलेली रीप बदलायची, वाशांच्या सांदीतली उंदरांची बाळंतपणं उठवायची. मीठ म्हणजे मिठागरातल्या ज्या राशी पावसाआधी हलल्या नाहीत, त्यांच्यावर गवताचं छप्पर घालायचं. लांबून पाहिलं तर खाजणात एक नवी वाडी वसल्यासारखी वाटे, फक्त कुठल्याच घराला दार नाही. होडीचा नंबर सगळ्यांत शेवटी लागे, कारण ती शेवटपर्यंत राबत असे. आगोटीची लाकडं तिच्यातून यायची, मसाल्याची पोती तिच्यातून यायची, एखादी सासुरवाशीणही पाऊस लागायच्या आत तिच्यातूनच माहेरी यायची. सगळ्यांची सोय लावून झाली की मग होडीची आठवण. घरातल्या बाईचं जेवण जसं, तसंच हे.

होडी वर घ्यायची तीही पाणी बघून. वैशाखातल्या अवस-पुनवेच्या उधाणाला भरतीचं पाणी बांधाच्या पायथ्याशी लागतं. तेवढं एक पाणी गाठायचं. ते चुकलं तर भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर चढत नाही, मग पंधरवडा थांबा. ऐन भरतीला होडी तरंगत आणायची, पाणी उतरलं की खाली ओंडके सरकवायचे आणि पंधरावीस माणसांनी खांदा लावून ती वर घ्यायची. मजुरी कोणी मागत नसे. कोरा चहा, गूळ-खोबरं, आणि आपल्या वेळेला तुम्ही या, एवढंच. आज आमच्या होडीला आलेला माणूस उद्या आपल्या होडीला आम्हाला बोलवायचा आणि आम्ही पोरं दोन्हीकडच्या गूळ-खोबऱ्याला हजर.

होडी जागेवर बसली की आजा पहिलं काम करायचा ते तळाचं बूच काढण्याचं. पाऊस आत शिरलाच तर वाहून जायला वाट हवी. नाळेकडची, म्हणजे पुढची, बाजू दगडांवर हातभर उंच ठेवायची, म्हणजे आतलं पाणी आपोआप बुचाच्या भोकाकडे येतं. खारं पाणी लाकडाला तेवढं छळत नाही, पण पावसाचं गोडं पाणी साचून राहिलं की सागाची फळीसुद्धा कुजते. आता ते काढलेलं बूच ठेवायचं कुठं? एका वर्षी ते हरवलं होतं आणि नारळी पुनवेच्या दिवशी घरभर शोधाशोध झाली होती. तेव्हापासून बूच देव्हाऱ्यात. पावसाळाभर बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि शेजारी काळंकुट्ट बूच. पेणहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्याला मनोभावे हात जोडलेले आम्ही पाहिले आहेत. कोणी काही बोललं नाही. बयनं, म्हणजे आमच्या आईनं, तर रोज हळदकुंकू लावताना त्याला वगळल्याचंही कधी ऐकिवात नाही.

मग तेल. मुशी माशाचं तेल. ज्यांनी हा वास घेतला आहे त्यांना पुढचं वाक्य वाचायची गरज नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. फळ्यांना तेल पाजलं की ते आठ दिवस अंगणात, अंगावर, अंथरुणात आणि भाकरीतही असायचं. त्या आठवड्यात घरात लग्न धरायचं नाही असा नियम होता, तो मुहूर्तामुळे नव्हे.

एवढं होईस्तोवर मृग आठदहा दिवसांवर आलेला असायचा. आणि मग होरीचं खरं शाकारणं.

लोकांना वाटतं, होडी झाकायची ती पावसासाठी. आजाचं म्हणणं उलट होतं. पाण्यातल्या वस्तूला पाण्याची कसली भीती, तो म्हणायचा, तिला भीती उन्हाची. होडी पाण्यात असते तेव्हा फळी पाणी पिऊन फुगलेली असते, सांधे एकमेकांना घट्ट धरून असतात. तिला जमिनीवर आणली की फळी सुकते, आकसते, आणि कापूस-राळेनं भरलेल्या सांध्यांतून उजेड दिसायला लागतो. वैशाखाचं ऊन आठ दिवस सरळ लागलं तर होडी भेगाळते, टाचेसारखी. वरचं ऊन तरी बरं, ते डोक्यावरच्या पाखरीनं, म्हणजे छपरानं, अडतं. वाईट ते उतरतं ऊन, तीन वाजल्यानंतर खाडीवरून आडवं येणारं. ते पाखरीखालून शिरतं आणि एकाच बाजूची फळी भाजून काढतं. पावसाचंही तसंच. उभा पाऊस पाखर झेलते, झड झेलत नाही. म्हणून पाखर वरती आणि बाजूंना पडदे. बय त्या पडद्यांना 'पदर' म्हणायची, म्हणून आम्ही सगळेच. गावात दुसऱ्या घरी काय म्हणत ते विचारायचं कधी सुचलं नाही.

या शाकारण्यात विकत आणलेली वस्तू एकही नसे. होडीचं स्वतःचं परमाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो लांब बांबू, तोच आढं व्हायचा. दोन टोकांना बांबूच्या कैच्या, त्यांवर परमाण आडवं, झालं घराचं आढं तयार. त्यावरून टाकायचं जुनं शीड. होडी वर्षभर ज्याच्या जोरावर पळायची, तेच निवृत्त झालेलं शीड तिच्या डोक्यावर पांघरूण. त्यावर पेंढ्याचा थर, पेंढ्यावर जुनं जाळं ताणून बांधलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आणि बाजूंचे पदर म्हणजे काय, तर गोणपाट. दाभणानं सुतळी घालून चार चार गोणपाटं जोडायची, खालच्या कडेला बांबू शिवायचा, म्हणजे वजन राहतं आणि गुंडाळायलाही सोपं जातं.

दोन नियम होते. एक, पदर जमिनीला टेकता कामा नये, वीतभर वर हवा. दोन, वाऱ्याकडचा पदर बांधायचा, मागचा मोकळा सोडायचा. आम्ही पोरांनी एकदा उत्साहानं चारही बाजू करकचून आवळल्या, तर आजा आला आणि एक शब्द न बोलता मागच्या बाजूची सुतळी विळ्यानं कापली. मग म्हणाला, "तुमी तोंडावर वाकळ घेऊन निजा रातभर, सकाळी सांगा कसं वाटतं." कोंडलेल्या ओलीत लाकडाला बुरशी धरते, फळी आतून मऊ होते, हे पुढे पुस्तकात वाचलं. तोवर वाकळ तोंडावर घेऊन बघून झालेलं होतं.

पदर वरखाली करण्याचं काम आमचं, म्हणजे शाळकरी पोरांचं. उघाड पडली, पदर वर. ढग आला, पदर खाली. आषाढात दिवसातून सहा वेळा. शाळा सुटून बांधावरून येताना आधी होरीकडे बघायचं आणि मग घराकडे. परीक्षेत नापास झालेला चालत असे, पदर खाली ठेवून खेळायला गेलेला चालत नसे.

आता एक भांडण सांगायलाच हवं. ते वर्षानुवर्षं चाललं आणि मिटलं नाही. पेणचा पापड सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पापड-कुरडयांचं वाळवण आणि होडीचं शाकारणं यांचा महिना एकच, अंगण एकच, आणि कापडही एकच. पापडाला ऊन हवं, होरीला सावली हवी. आजानं परमाण उभारलं की त्याची सावली सरकत सरकत बरोबर दुपारी दोनला पापडांवर यायची. बय पापड हलवायची, सावली पुन्हा यायची. वर आजाची नजर वाळवणाखालच्या जुन्या लुगड्यांवर, कारण गोणपाट विरलेलं असलं की आतून लुगड्याचं अस्तर लावावं लागे. बय म्हणायची, "माजे पापडाना नागवं करून तुजे होरीला नेसव." आणि तरी दुसऱ्या दिवशी लुगडं होरीला लागलेलं असायचं. कोणी दिलं, कधी दिलं, हे कळत नसे.

कापडाची एक उतरंड होती आमच्या घरात आणि तुमच्याही असणार. शीड फाटलं की पाखर. पाखर विरली की भात झोडायचं अंथरूण. लुगडं जुनं झालं की जुनेर, जुनेराची वाकळ, वाकळीचं होरीला अस्तर, अस्तराचं पोतेरं, आणि पोतेरंही गेलं की चुलीच्या कडेला भांडं उतरवायची चिंधी. फेकलं असं काही आठवतच नाही. आमच्या घरात एक गोणपाट होतं ज्याच्यावर आजीच्या लग्नातल्या लुगड्याचा काठ शिवलेला होता, हिरवा, उभ्या रेघांचा. ती गेली तेव्हा सगळ्यांना तिची बांगडी नाही आठवली, होरीच्या पदरावरचा तो काठ आठवला.

शाकारलेल्या होरीखाली काय काय व्हायचं त्याची यादी करायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. कोंबड्या अंडी घालायच्या. मांजर दरवर्षी तिथंच व्यायची. रुसलेला थोरला भाऊ एकदा तिथं दोन दिवस राहिला आणि त्याला जेवण नेऊन देण्यावरून धाकट्यांत मारामाऱ्या झाल्या, कारण तिथं बसून जेवायला आम्हा सगळ्यांनाच हवं होतं. घरात भिंती होत्या, दरवाजे होते, पण पावसाचा आवाज ऐकायचा तर होरीतच. वर पेंढा, त्यावर पाऊस पडला की आवाज येत नाही, नुसती कुजबुज येते. आणि बाजूच्या गोणपाटांतून गाळून आलेला उजेड, चहाच्या रंगाचा. आम्ही त्या उजेडात सुकाणूवर बसून मुंबईला जाऊन आलो, भाऊच्या धक्क्याला लागलो, खजूर घेतला, परत आलो. एकदा तर नागोबाही होता, नाळेच्या कोपऱ्यात वेटोळं घालून. आजानं पदर वर केला आणि म्हणाला, तोही पावसातच अडकलाय, जाईल. गेला.

एक खेळ मात्र त्या होरीत बसून खेळायला बंदी होती. बोट बुडाली असं खेळायचं नाही. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे येताना बुडाली, शेकडो माणसं गेली. आमच्या खाडीकाठच्या घराघरांत त्या दिवसाची कुणाची ना कुणाची आठवण होती. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण पावसाळ्यात होरी वर का घेतात, हा प्रश्न कोणी पोरानं विचारलाच तर मोठी माणसं उत्तर देत नसत, रेवसच्या दिशेला बघत.

रोह्याची रीत वेगळी. रोहा आमचं आजोळ. तिथं मामाची होडी पावसाळा सोडला तर वर घेतच नसत. कुंडलिकेच्या काठाला, पलीकडे अष्टमी दिसते अशा जागी, ती पाण्यातच बांधलेली असे. वर भिऱ्याला १९२७ पासून टाटांचं वीजघर आहे, मुळशीचं पाणी घाट उतरून तिथं येतं आणि पुढे कुंडलिकेत पडतं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही. वरून पाणी सुटलं की वाढायचं, खालून रेवदंड्याकडून भरती आली की वाढायचं. मामा दोराला दोन्हींचा अंदाज घेऊन ढील द्यायचा. आम्ही पेणकर समजायचो की पाणी म्हणजे चंद्राचं काम. रोह्याच्या पोरांचं पाणी चंद्राचं अर्धं आणि टाटांचं अर्धं.

तर पाण्यात उभ्या होडीचं दुखणं निराळं. तिची खालची फळी कायम भिजलेली, वरची कायम सुकलेली. मामी म्हणायची, एका घरात दोन सुना, एकीला माहेरची मौज, दुसरीला सासरचा जाच. खालचे सांधे घट्ट आणि वरचे उघडे. भरून लादलेली होडी जराशी खाली बसली की पाणी नेमकं त्या उघड्या सांध्यांतून आत. म्हणून रोह्याला काठावर चार मेढी रोवून होडीवर मांडव घालत आणि मांडवाला तिन्ही बाजूंनी झापं सोडत. नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं. आमच्या खारेपाटात नारळ औषधाला, म्हणून आमचं सगळं पेंढ्या-गोणपाटावर. रोह्याकडे रेवदंडा-चौलच्या वाड्यांमधून झापं होडीनंच वर यायची, ओझीच्या ओझी.

झाप हा प्रकार गोणपाटापेक्षा कितीतरी वरच्या दर्जाचा. हे कबूल करायला मला पन्नास वर्षं लागली, कारण आजोळचं कौतुक पेणात चालत नसे. गोणपाट पाणी पितं आणि जड होतं, झाप पाणी ओघळू देतं. झापातून वारा जातो, ऊन जात नाही. विणताना पात्यांचा कल खाली ठेवलेला असतो, म्हणून झडीचं पाणीही पातीपातीवरून खाली घरंगळतं. आणि दोनतीन पावसाळ्यांनी झाप संपलं की चुलीत जातं, मागे काही उरत नाही. मामी दुपारी दोननंतर पश्चिमेचं झाप सोडायची आणि संध्याकाळी गुंडाळून वर बांधायची. उन्हाळ्यात त्यावर तांब्या तांब्या पाणी मारायची. होडीत शिरलं की गार. मामा जेवून तिथंच आडवा व्हायचा. रोह्यात त्या काळी श्रीमंतांच्या ओट्यांवर वाळ्याचे पडदे असत, मामाचा वाळा पाण्यावर डोलायचा.

झापं विणायला बायका बसत. एका झावळीचा मधला दांडा उभा चिरून दोन भाग, मग पाती एकाआड एक. बोलणं चालू, हात चालू, नजर भलतीकडेच. आम्हाला शिकवायला कोणी बसलं नाही आणि आम्हीही शिकलो नाही. हातांना ते येत होतं तोवर ते शिकायची गोष्ट आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं.

गाठींबद्दल राहिलं. पाखरीची, पदराची, कुठलीही गाठ आजा अशी मारायचा की एक टोक ओढलं की सुटावी. आम्ही पक्की गाठ मारली की तो ती सोडवायला आम्हालाच लावायचा, तीही डोळे मिटून. हे खूळ वाटायचं. जुलै १९८९ मध्ये त्याचा अर्थ कळला. २४ जुलैला अंबा नदीला पूर आला, वर जांभूळपाडा उद्ध्वस्त झालं, नागोठण्यात पाणी शिरलं, आणि तेच पाणी आमच्या अंगाला खाडीच्या भरतीला येऊन भिडलं. खारबंदिस्तीच्या आत पाणी चढत होतं. वीज नव्हती. आजा तेव्हा ऐंशीचा. त्यानं अंधारात जाऊन पाखर सोडली, पदर सोडले, बयनं देव्हाऱ्यातून बूच आणून दिलं, आणि होरी जागच्या जागी पाण्यावर आली. दोनेक महिने सावलीत राहिलेली, भेगा न पडलेली. शेजारच्या दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि तीन शेळ्या तिच्यातून बांधावर नेल्या. शेळ्यांनी जास्त त्रास दिला.

पुढे गोणपाट गेलं आणि खताच्या गोण्या आल्या. पांढऱ्या, चुरचुरीत, पाणी न पिणाऱ्या. आम्ही त्या उसवून, जोडून पदर केले. आमच्या होरीच्या एका अंगावर 'सुफला १५:१५:१५' उभं आणि दुसऱ्या अंगावर तेच उलटं. गावात तिला सुफला म्हणायला लागले. खरं नाव दुसरंच होतं, नाळेवर रंगवलेलं, ते आता घरातसुद्धा सगळ्यांना आठवत नाही. खताची गोणी दोन उन्हाळे टिकते, मग तिचे दोरे दोरे सुटतात आणि ते दोरे खाडीत तिवरांच्या मुळ्यांना अडकून बसतात. अजून बसलेले आहेत.

त्यानंतर निळं प्लास्टिक आलं. त्याच्याविषयी माझं मत वाईट आहे आणि ते मी लपवत नाही. निळं प्लास्टिक पाऊस अडवतं, एवढं खरं. पण खाली घाम धरतं. सकाळी वर केलं की आतून थेंब टपटपतात, पाऊस न पडताही. लाकडाच्या होडीला त्याच्यासारखा शत्रू नाही. पण तोवर लाकडाच्या होड्याच कमी झाल्या. फायबरच्या आल्या. त्यांना सांधे नाहीत, तेल नाही, भेगा नाहीत. उन्हानं त्यांचा रंग उडतो आणि हात लावला की पांढरी पूड लागते, एवढंच. त्यांच्यावर लोक जे मिळेल ते टाकतात. निवडणूक झाली की फलकांचं फ्लेक्स फुकट मिळतं. मागच्या पावसाळ्यात धक्क्यावर पाहिलं, ओळीनं सहा होड्या आणि प्रत्येकीच्या बाजूला हात जोडून हसणारे उमेदवार. होरीला इतका नम्र पदर कधी मिळाला नव्हता.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यानं त्या दिवशी काय पाहिलं ते इथं नव्यानं सांगत नाही. आमच्या घराची पत्र्याची पडवी उडाली. कौलं नव्हतीच, ती आधीच काढून पत्रे घातले होते, शाकारायचा त्रास नको म्हणून. आठ दिवसांत सगळ्या जिल्ह्यात ताडपत्री मिळेनाशी झाली. घर उघडं आणि पाऊस डोक्यावर. तेव्हा माळ्यावर चढून शोधाशोध केली तर तिथं गुंडाळलेलं एक शीड निघालं. आजाचं. उंदरांनी दोन ठिकाणी खाल्लेलं, पण अंगानं शाबूत, आणि नाकाशी नेलं तर अजून मुशीच्या तेलाचा वास. ते आम्ही घरावर टाकलं. परमाण मिळालं नाही, शेजारचा बांबू आणला. बाजूंनी बयची दोन जुनेरं बांधली. वीतभर वर, मागची बाजू मोकळी.

बय तेव्हा नव्वदीच्या घरात होती. ओसरीवर बसून सगळं बघत होती. झाल्यावर म्हणाली, "होरी झायली. आता घर शाकारा."

होरी आता नाही. तिच्या दोन फळ्या पडवीत बाकड्याला लावल्या आहेत. बूच देव्हाऱ्यात आहे. कुंडलिकेवरच्या मामाच्या जागी मेढींचे दोन खुंट उरलेत, ओहोटीला दिसतात.

शीड पत्रे बसल्यावर उतरवलं, धुवून वाळवून परत माळ्यावर ठेवलं. पण पडवीला पश्चिमेचं ऊन तसंच येतं आणि आषाढात झडही तशीच येते. धाकट्यानं कुठूनतरी निळं प्लास्टिक आणून लावलं होतं, ते मी काढलं. आम्हाला झापं हवी आहेत. विणलेली, पात्यांचा कल खाली असलेली, आठदहा पुरतील. रोहा, चौल, रेवदंडा, नागाव, कुठंही अजून कुणी बाई झापं विणत असेल आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर निरोप धाडा. पैसे ती म्हणेल ते. आणि ती शिकवायला तयार असेल तर आमच्या घरातल्या दोन नाती तिच्याकडे येऊन बसतील. मृग ७ जूनच्या आसपास लागतो, त्याच्या आत कळवा.